अपडेट अडते तेव्हा : घरच्या संगणकासाठी एक पाठ

शाळेच्या संगणक कक्षातून शिकून बाहेर पडलेल्या मुलामुलींचे दूरध्वनी येतात ते बहुधा रात्री, आणि पहिला प्रश्न बहुतेकांचा एकच असतो : "सर, पडद्यावर नुसते गोल फिरते आहे, टक्के पुढे सरकत नाहीत. बंद करून टाकू का?" या प्रश्नाला "जरा थांब" एवढे उत्तर देता येते, परंतु त्यामागील कारण समजावून सांगण्यास थोडी उसंत लागते. संपादक मंडळाने घरी उपयोगी पडेल असा पाठ लिहिण्यास सुचविले, तेव्हा हाच विषय घ्यावा असे वाटले. आपल्या बहुतेक घरांतील संगणकांवर विंडोज ही कार्यप्रणाली असते, म्हणून विवेचन तिच्यापुरतेच ठेवले आहे.

इतका त्रास असेल तर अपडेट घ्यावेच कशाला, असे काही पालक विचारतात आणि तो प्रश्न गैर नाही. त्याचे उत्तर एका घटनेत आहे. विंडोजमधील एका गंभीर त्रुटीची दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजी प्रसिद्ध झाली होती. त्यानंतर आठ आठवडे उलटून गेल्यावर, १२ मे २०१७ रोजी, त्याच त्रुटीतून 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. औषध दारात येऊन पडले होते. ज्यांनी ते घेतले नव्हते, त्यांच्या संगणकांवर घाला पडला. अशा दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसिद्ध करण्याचा प्रघात २००३ पासून आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सकाळ म्हणजे आपल्याकडील रात्री साडेदहा-साडेअकराची वेळ. म्हणून पुष्कळ घरांत बुधवारी संगणक उघडताच अपडेटची सूचना दिसते.

आता अपडेट होते म्हणजे नेमके काय होते ते पाहू. प्रथम नव्या फायली इंटरनेटवरून उतरवून घेतल्या जातात. मग त्या तपासून, उलगडून योग्य जागी मांडल्या जातात. परंतु कार्यप्रणाली चालू असताना तिच्याच वापरात असलेल्या फायली बदलता येत नाहीत. चालत्या बैलगाडीचे चाक काढता येत नाही, तसेच हे. म्हणून अखेरचा बदल संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होताना होतो, आणि टक्के दिसतात ते याच वेळी. जुन्या, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर या टप्प्याला दोन-तीन तास लागले तरी त्यात नवल नाही. डिस्कचा लहान दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे असे समजावे. बदल साधला नाही तर विंडोज जुन्या फायली परत जागेवर ठेवते. तेव्हा 'अनडूइंग चेंजेस' असा मजकूर दिसतो. तो वाचून लोक घाबरतात. वास्तविक ती संगणकाची स्वतःला सावरण्याची क्रिया आहे, आणि वीज तोडण्यास त्याहून वाईट क्षण दुसरा नाही. भारनियमनाच्या गावी अपडेट लावण्यापूर्वी लॅपटॉप चार्जरला जोडावा; डेस्कटॉप असेल तर इन्व्हर्टरचा भरवसा असल्याखेरीज रीस्टार्टला हात लावू नये.

हे मी शिकवतो खरे, पण शिकलो ते चुकून. एका माजी विद्यार्थ्याच्या घरी गेलो असता त्याच्या आईचा लॅपटॉप असाच अडकलेला होता. शेवटची एस.टी. गाठायची घाई होती. मी पॉवरचे बटण दाबून धरले. पुन्हा सुरू केल्यावर निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी कीची मागणी आली. डिस्क कूटबद्ध होती, आणि ती तशी आहे हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. ती की ज्या ई-मेल खात्यात साठवलेली असावी, ते खाते दुकानदाराने विक्रीच्या दिवशी उघडून दिलेले. त्याचा पासवर्ड कोणाकडे नाही आणि त्याला जोडलेला मोबाइल क्रमांक केव्हाच बंद पडलेला. "सर, यांचे फोटो तेवढे निघतील ना?" असे त्या माउलीने विचारले. विद्यार्थ्याचे वडील आदल्या वर्षी वारले होते. ते फोटो निघाले नाहीत. चूक माझीच होती, आणि ती मी अजून विसरलेलो नाही.

म्हणून उपायांच्या आधी दोन गोष्टी. पहिली, जे गमावणे परवडणार नाही ते आजच बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावे. दुसरी, आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन रिकव्हरी की शोधावी. सहा-सहा अंकांचे आठ गट असतात. ते कागदावर लिहून रेशनकार्ड ठेवतो त्या ठिकाणी ठेवावेत. संगणकातच जपून ठेवलेली की म्हणजे कुलूपबंद पेटीत टाकलेली तिचीच किल्ली.

अपडेट फसण्याचे सर्वांत सामान्य कारण अगदी साधे असते : जागा नसणे. झीरो-एक्स-८००७००७० हा त्रुटी-क्रमांक स्पष्टपणे तेच सांगतो. सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि त्याखाली स्टोरेज उघडले की सी ड्राइव्हचा हिशेब दिसतो. वर्षातून एकदा येणाऱ्या मोठ्या अपडेटसाठी वीसेक जीबी मोकळी असली म्हणजे चिंता राहत नाही. तात्पुरत्या फायली काढताना मात्र यादी डोळ्यांखालून घालावी, कारण तिच्यात 'डाउनलोड्स' असाही एक पर्याय असतो. तेथे खूण केली तर मुलांचे प्रवेशपत्र आणि जातीच्या दाखल्याची प्रत कचऱ्याबरोबर जाते.

पण जागेची अडचण नेहमी दिसेल अशी नसते, याचे एक बोधक उदाहरण जानेवारी २०२४ मधील आहे. केबी५०३४४४१ या विंडोज १० च्या अपडेटला झीरो-एक्स-८००७०६४३ ही त्रुटी येऊ लागली. या क्रमांकाचा अर्थ 'स्थापना अयशस्वी' इतकाच. त्यातून कारण कळत नाही. लोकांनी सी ड्राइव्ह रिकामा केला, अपडेट पुन्हा पुन्हा लावले, काहींनी सारी प्रणाली नव्याने टाकली. खरी अडचण डिस्कच्या एका लपलेल्या कप्प्यात होती. संकटकाळी दुरुस्तीची साधने ज्यात असतात त्या रिकव्हरी पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा लागत होती, आणि अनेक संगणकांत तो कप्पाच मुळी लहान होता. आपोआप होणारा उपाय कंपनीने दिला नाही. विभाजन हाताने वाढविण्याची रीत तेवढी प्रसिद्ध केली. ती रीत जाणत्या माणसाने आणि प्रत काढून ठेवल्यावरच वापरावी. घरच्या माणसाने असे एखादे अपडेट काही दिवस तसेच राहू द्यावे, हे माझे मत. त्यामुळे बाकीची अपडेट्स अडत नाहीत.

जागा पुरेशी असूनही फाइल उतरतच नसेल, तर प्रथम संगणकाचे घड्याळ पाहावे. हे ऐकून मुले हसतात. परंतु जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपली की तारीख कित्येक वर्षे मागे जाते, आणि तारीख चुकली की सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रे अवैध ठरून संपर्कच होत नाही. सीआर२०३२ या क्रमांकाची ती बॅटरी घड्याळाच्या दुकानातही मिळते. दुसरे, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर संगणक चालत असेल तर ती जोडणी 'मीटर्ड' म्हणून नोंदलेली असू शकते. तेव्हा विंडोज मोठ्या फायली आपण होऊन उतरवत नाही.

फाइल उतरली पण अर्धवट किंवा सदोष उतरली, असेही होते. सी ड्राइव्हमधील विंडोज फोल्डरात 'सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्यूशन' नावाचे फोल्डर असते; उतरवलेला माल तेथे साठतो. सर्व्हिसेसच्या यादीतून विंडोज अपडेट आणि बिट्स या दोन सेवा थांबवाव्यात, त्या फोल्डराचे नाव बदलावे आणि संगणक पुन्हा सुरू करावा. विंडोज नवे फोल्डर तयार करते. पूर्वीच्या अपडेट्सची दिसणारी यादी तेवढी पुसली जाते. आपल्या फायलींना धक्का लागत नाही.

याउपर, कार्यप्रणालीच्याच फायली बिघडलेल्या असण्याची शक्यता उरते. झीरो-एक्स-८००एफ०८१एफ हा क्रमांक पुष्कळदा त्याकडे बोट दाखवतो. कमांड प्रॉम्प्ट प्रशासक म्हणून उघडून दोन आज्ञा क्रमाने द्याव्यात. आज्ञा अर्थातच इंग्रजी अक्षरांत टंकायच्या. पहिली : डी-आय-एस-एम, मग जागा सोडून तिरपी रेघ व ऑनलाइन, जागा सोडून तिरपी रेघ व क्लीनअप-इमेज, जागा सोडून तिरपी रेघ व रिस्टोअरहेल्थ. ती ६२ टक्क्यांच्या आसपास बराच वेळ थबकते, थबकू द्यावी. दुसरी : एस-एफ-सी, जागा सोडून तिरपी रेघ व स्कॅननाऊ. क्रम उलटा करू नये, कारण दुसरी आज्ञा ज्या कोठारातून चांगल्या फायली घेते ते कोठार पहिली आज्ञा दुरुस्त करते. मात्र डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, किंवा फायली उघडण्यास विलक्षण वेळ लागत असेल, तर यापैकी काहीही करू नये. डिस्क मरणपंथाला लागलेली असते आणि दुरुस्तीचा प्रत्येक प्रयत्न तिच्यावर भार टाकतो. आधी माल बाहेर काढावा.

संगणक सुरूच होत नसेल तर? लागोपाठ दोन-तीन वेळा सुरुवात फसली की विंडोज आपण होऊन दुरुस्तीचा पडदा दाखवते. तेथे ट्रबलशूट, त्यानंतर ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स आणि मग 'अनइन्स्टॉल अपडेट्स' हा मार्ग घ्यावा. महिन्याचे अपडेट असेल तर 'क्वालिटी', वर्षाचे मोठे असेल तर 'फीचर'. मोठे अपडेट काढून जुन्या आवृत्तीकडे परतण्याची मुभा साधारण १० दिवसच असते. या पडद्यावर मघाची ४८ अंकी की मागितली जाऊ शकते, आणि कागदावर लिहून ठेवलेले अंक येथेच कामाला येतात.

एक सावधगिरी वेगळी सांगतो, कारण तिच्यामुळे संगणकापेक्षा मोठे नुकसान होते. त्रुटी-क्रमांक इंटरनेटवर शोधताना 'ग्राहक सेवा' म्हणून दूरध्वनी क्रमांक दिसतात, कधी पडद्यावर भोंगा वाजवणारी चौकटही येते. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या त्रुटी-संदेशात दूरध्वनी क्रमांक कधीच नसतो. पलीकडचा माणूस गोड बोलून दूरस्थ नियंत्रणाचे ॲप टाकायला लावतो आणि मग बँकेचे खाते उघडण्यास सांगतो. असे घडलेच, तर लाजून गप्प न बसता त्याच क्षणी १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला; घरगुती वापरासाठी नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. विंडोज ११ लागत नाही म्हणून जे विचारतात, त्यांच्या बाबतीत अनेकदा काही बिघडलेले नसतेच. त्या आवृत्तीला टीपीएम २.०, किमान ४ जीबी स्मृती, ६४ जीबी साठवण आणि पुरेसा नवा प्रोसेसर लागतो. टीपीएम काही संगणकांत असूनही बायोसमध्ये बंद ठेवलेले असते. इंटेलच्या यंत्रात ते पीटीटी या नावाने सापडते, एएमडीच्या यंत्रात एफटीपीएम या नावाने. नवीन संगणक घेण्यापूर्वी एवढे तपासून पाहावे.

आणि सर्व उपाय थकले, तर किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विंडोजचे स्थापना-साधन उतरवून, चालू विंडोजमधूनच ते चालवावे आणि 'फायली व ॲप्स ठेवा' हा पर्याय निवडावा. प्रणाली नवी होते, घरचे सामान जागच्या जागी राहते. ज्यांच्याकडे इंटरनेटचा वेग नाही त्यांनी रविवारी शाळेच्या संगणक कक्षात यावे. अशी पेनड्राइव्ह तेथे तयार असते. येताना रिकव्हरी कीचा कागद तेवढा आणावा.