त्या पोराला सोडण्याआधी

एडमंटन, रविवार

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

काल ताईचा फोन आला. तू तुझ्या ज्युनियर आइस हॉकी टीममधल्या त्या चार नंबरच्या डिफेन्समन पोराला ट्रेड करणार म्हणे. खरं आहे का? पुढे गोल करायला जातो आणि मागे घर उघडं टाकतो, हाच ना त्याचा गुन्हा?

डिसेंबरात मी तुझी मॅच पाहिली. ब्लू लाइनवर त्याच्याकडून पक सुटला आणि तू वैतागून पाठ फिरवलीस. पुढचं तू पाहिलंच नाहीस. जिवाच्या आकांताने तो मागे आला आणि गोलीच्या पुढ्यात स्टिक आडवी घालून त्याने पक काढला. त्याचा जोडीदार मात्र रेड लाइनपाशी रेंगाळत होता. त्याला कोण काढतंय?

आपल्या एडमंटन ऑयलर्सचा डिफेन्समन पॉल कॉफीही असाच पुढे जायचा; त्याने 1985-86 च्या सीझनमध्ये 48 गोल केले. डिफेन्समनचा तो विक्रम अजून मोडलेला नाही. पण मागे राहून सांभाळणारा चार्ली हडी त्याच्या जोडीला असायचा, हे लोक विसरतात. 1987 च्या नोव्हेंबरात पैशाच्या वादातून ऑयलर्सनी कॉफीला पिट्सबर्गला देऊन टाकलं. तू म्हणशील, त्यानंतरही 1988 आणि 1990 चे स्टॅन्ली कप इथेच आले. आले, बाबा. 1990 ला तर ग्रेट्स्कीही नव्हता. पण 1991 चा कप पिट्सबर्गने नेला आणि कॉफी त्या टीममध्ये होता. सॅन होजेच्या डिफेन्समन कार्लसनचंही मला सांगू नकोस. 2022-23 मध्ये त्याने 101 पॉइंट काढले आणि तरी सॅन होजे प्लेऑफबाहेर राहिलं, हा काय एकट्या त्याचा दोष?

कॉलेजात मी मैदानी हॉकीत फुलबॅक होतो, तुला ठाऊकच आहे. एकदा बॉल घेऊन थेट डीपर्यंत गेलो, तर सरांनी उरलेली मॅच बाहेर बसवलं. त्यानंतर मी मधली रेघ कधी ओलांडली नाही. तेव्हा भांडायला हवं होतं.

असो, फार बोललो. हरल्यावर तुला रात्र-रात्र झोप लागत नाही, हेही ताईने सांगितलंय. कोच तू आहेस, निर्णय तुझाच. पण त्या पोराला चार मॅचेस मागे राहणारा जोडीदार देऊन बघ. तरीही त्याला सोडायचंच ठरलं, तर फोनवर नको, समोर बसवून सांग. आणि जेवण वेळेवर घे रे. मामी विचारतेय, शनिवारी कॅल्गरीला आलो तर चालेल का?

तुझा,
मामा