बूट नोंदीची दुरुस्ती : फॉरमॅट करण्यापूर्वी

आपल्या विद्यालयातून बाहेर पडलेल्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी आज एकच संगणक असतो आणि त्याच एका यंत्रावर दोन प्रणाली नांदत असतात. कार्यालयीन कामासाठी व शासकीय अर्जांसाठी विंडोज, तर अभ्यासासाठी उबुंटूसारखी मुक्त लिनक्स प्रणाली. ही व्यवस्था काटकसरीची व उपयुक्त आहे. मात्र एखाद्या दिवशी यंत्र सुरूच होत नाही, काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटते आणि दुकानदार सांगतो, "सगळे गेले, फॉरमॅट करावे लागेल." त्या यंत्रात कोणाचा प्रबंध असतो, कोणाच्या जात वैधता प्रमाणपत्राची प्रत असते, कोणाच्या दिवंगत आजीचे एकमेव छायाचित्र असते. म्हणून हा विषय केवळ तंत्रज्ञांचा राहत नाही.

आमचा विषय इतिहास. दप्तरखान्यात काम करणाऱ्यास हे ठाऊक असते की, सूची फाटली तरी कागद रुमालातच असतात. संगणकाचेही तसेच आहे. सातबाऱ्यावरील नोंद खराब झाली म्हणून शेत वाहून जात नाही. परंतु नोंद नाही असे पाहून कोणी त्या शेतात नांगर घातला, तर उभे पीक जाते. फॉरमॅट करून नवी प्रणाली बसविणे म्हणजे हा नांगर होय.

नोंद कोठे असते?

जुन्या पद्धतीच्या डिस्कवर अगदी पहिल्या ५१२ बाइटांत ही नोंद असते. तिला मास्टर बूट रेकॉर्ड, संक्षेपाने एमबीआर म्हणतात. १९८३ साली आयबीएमच्या संगणकांबरोबर ती रूढ झाली. त्यांपैकी ४४६ बाइटांत यंत्र सुरू करणारी छोटी आज्ञावली, ६४ बाइटांत डिस्कच्या चार मुख्य कप्प्यांचा, म्हणजे पार्टिशनांचा तक्ता आणि शेवटच्या २ बाइटांत खूण असते. नव्या यंत्रांत जीपीटी ही पद्धत आहे. तिच्यात तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी राखलेली असते आणि सुरू करणाऱ्या फायली एका स्वतंत्र लहान कप्प्यात असतात.

बिघाड ओळखावा

पहिला प्रकार : विंडोज पुन्हा बसविली आणि निवडीची यादी नाहीशी झाली. येथे विंडोजने आपली आज्ञावली वर लिहिलेली असते. लिनक्सचा कप्पा बहुधा जागेवरच असतो.

दुसरा प्रकार : जागा हवी म्हणून विंडोजमधून लिनक्सचा कप्पा पुसला आणि पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' हे शब्द आले. ग्रब हा लिनक्सचा द्वारपाल. त्याचा एक तुकडा डिस्कच्या आरंभी उरतो, पण उर्वरित फायली पुसलेल्या कप्प्यात होत्या. विंडोज मात्र शाबूत असते.

तिसरा प्रकार : कप्प्यांचा तक्ताच बिघडला व डिस्क रिकामी दिसू लागली. हा प्रकार गंभीर, तरीही बहुधा असाध्य नव्हे.

दुरुस्तीचा क्रम

प्रथम प्रत, मग दुरुस्ती. पेनड्राइव्हवरून लिनक्स 'लाइव्ह' पद्धतीने, काहीही न बसविता सुरू करावे आणि दिसतील त्या महत्त्वाच्या फायली बाहेरील डिस्कवर उतरवून घ्याव्यात. विंडोजवर बिटलॉकरचे कुलूप असल्यास त्याची रिकव्हरी-की आधीच जवळ ठेवावी.

यंत्र नव्या पद्धतीचे असेल, तर सुरू होतानाच्या यूईएफआय सेटिंगमध्ये बूट क्रम पाहावा. पुष्कळदा 'उबुंटू' किंवा 'विंडोज बूट मॅनेजर' ही नोंद वर आणताच काम होते.

एमबीआर पद्धतीच्या यंत्रात पहिल्या प्रकारासाठी लाइव्ह लिनक्समधून जुना लिनक्स कप्पा जोडून घ्यावा व 'ग्रब-इन्स्टॉल' ही आज्ञा द्यावी. तीत संपूर्ण डिस्कचे नाव द्यावयाचे असते, कप्प्याचे नव्हे. त्यानंतर लिनक्स सुरू करून 'अपडेट-ग्रब' चालवावे. ग्रबच्या २.०६ आवृत्तीपासून इतर प्रणाली शोधणारा 'ओएस-प्रोबर' मूळ मांडणीत बंद असतो. यादीत विंडोज न दिसल्यास तो चालू करावा.

दुसऱ्या प्रकारासाठी विंडोजच्या पेनड्राइव्हवरून 'रिपेअर युअर कॉम्प्युटर' निवडून कमांड प्रॉम्प्टमध्ये जावे आणि 'बूटरेक' ही आज्ञा 'फिक्स-एमबीआर' या पर्यायासह द्यावी. ती सुरुवातीची आज्ञावली नव्याने लिहिते, कप्प्यांच्या तक्त्याला हात लावत नाही. तरीही विंडोज सुरू न झाल्यास 'फिक्स-बूट' व 'रीबिल्ड-बीसीडी' हे पर्याय क्रमाने वापरावेत.

तिसऱ्या प्रकारासाठी 'टेस्टडिस्क' हे मुक्त व विनामूल्य साधन आहे. ते डिस्क वाचून जुन्या कप्प्यांच्या सीमा शोधते. सापडलेल्या कप्प्यातील फायलींची यादी तेथेच पाहता येते. ती ओळखीची असेल तरच नवा तक्ता लिहावा.

काय टाळावे?

विंडोजला लिनक्सचा कप्पा वाचता येत नाही. म्हणून ती कधी कधी 'फॉरमॅट करावे का?' असे विचारते. उत्तर 'नाही' हेच द्यावे. एसएसडीवर फॉरमॅट झाल्यास 'ट्रिम' या व्यवस्थेमुळे जुना मजकूर परत मिळण्याची आशा फार थोडी उरते. डिस्कमधून खडखड आवाज येत असेल, तर दोष नोंदीचा नसून यंत्राचा आहे. तेव्हा यंत्र बंद करून जाणकाराकडे न्यावे.

पालकांना व माजी विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच की, दुकानात यंत्र देण्यापूर्वी दोन प्रश्न अवश्य विचारावेत : बिघाड नोंदीत आहे की डिस्कमध्ये? आणि फायलींची प्रत आधी काढून मिळेल काय? आपल्या समाजाने अनेक पिढ्या कागदाविना काढल्या. आज हाती आलेली प्रमाणपत्रे, प्रबंध आणि छायाचित्रे कोणाच्या घाईमुळे पुसली जाऊ नयेत, यासाठी हे ज्ञान घरोघरी पोहोचले पाहिजे.