कागद कोणत्या धंद्याचा?

शेंगाचटणी ही विकायची वस्तू नव्हे, असं माझ्या सासूबाईंचं मत होतं. आटपाडीत ती घरोघरी होते, मग विकत कोण घेणार? पण घेणारे गावात नव्हते, गावाबाहेर होते. आमच्या आटपाडी-खानापूर भागातली कितीतरी कुटुंबं गलाईच्या धंद्यामुळं देशभर पांगली आहेत. सोनं-चांदी गाळायची भट्टी केरळात, पण जिभेला चव माणदेशाचीच लागते. खरसुंडीच्या यात्रेला आली की ही माणसं जाताना पिशव्या भरून नेतात. 2018 साली त्यांच्यातल्या एका वहिनींनी 20 किलो चटणी सांगितली आणि माझा धंदा सुरू झाला. तो धंदा आहे, हेच मला दोन वर्षं कळलं नाही. मी म्हणायची, घरचंच करून देतेय.

कायदा तसं मानत नाही. 2006 चा अन्नसुरक्षा कायदा नफा होतो की नाही हे बघत नाही, कारखाना आहे की घरातली शेगडी हेही बघत नाही. पैसे घेऊन अन्न दिलं की तो अन्नव्यवसाय. लहान उत्पादकाला मोठ्या परवान्याचा बोजा नको म्हणून 2011 च्या नियमावलीनं तेव्हा वर्षाला 12 लाखांपर्यंतच्या उलाढालीसाठी साधी नोंदणी ठेवली. माझी उलाढाल त्याच्या आसपासही नव्हती. तरी मी नोंदणी केली नाही, कारण माझ्याकडं बचत गटाचं प्रमाणपत्र होतं आणि पुढं लघुउद्योगाच्या ‘उद्यम’ नोंदणीचं आलं. एवढं पुरे, असं वाटलं. ते पुरत नाही. ग्रामपंचायतीचा दाखला, शॉप ॲक्ट, उद्यम हे सगळं आपापल्या जागी ठीक. अन्नाची नोंदणी वेगळीच.

विट्याच्या एका दुकानदारानं माल ठेवायची तयारी दाखवली आणि अन्ननोंदणीचा नंबर मागितला, तेव्हा धावपळ झाली. ओळखीतून एक एजंट मिळाला. त्यानं 2,500 रुपये, आधार आणि फोटो घेतला आणि काही दिवसांत मोबाइलवर प्रमाणपत्र पाठवलं. चौदा आकडी नंबर, वर माझं नाव, माझा फोटो. मी त्याची प्रत काढून देवघरात ठेवली आणि हळदकुंकू वाहिलं. वाचलं मात्र नाही.

पाच महिन्यांनी दुकानदारानं सगळी पाकिटं परत पाठवली. वर फोन, “वहिनी, नंबर तुमचाच हाय, पण त्यात चटणी करायचं कुठं लिहिलंय?” त्या रात्री प्रमाणपत्र पहिल्यांदा नीट वाचलं. व्यवसायाच्या प्रकारात ‘किरकोळ विक्रेता’ होतं. म्हणजे मी दुसऱ्यानं केलेला माल विकू शकत होते. स्वतःची चटणी कुटून विकण्याची नोंद माझ्याकडं नव्हतीच. भरीस भर म्हणजे अर्जात मोबाइल नंबर आणि ई-मेल एजंटचा. ओटीपी त्याला, मुदत संपण्याची सूचना त्याला. त्यानं एकाच वर्षाची फी भरली होती आणि त्यातले पाच महिने गेलेही होते. फी किती, तर तेव्हा वर्षाला 100 रुपये.

मी रडले, हे सांगायला लाज वाटत नाही. पैसे गेले त्याचं इतकं नाही, पण माल परत येताना गल्लीनं बघितलं.

मग भाच्याला शेजारी बसवून अन्ननोंदणीच्या ‘फॉसकॉस’ पोर्टलवर स्वतः अर्ज केला. प्रकार ‘उत्पादक’ निवडला. चटणी, सांडगे, कुरडया असं जे जे करते त्याची नोंद केली. मोबाइल माझा, पासवर्ड माझ्या वहीत. पाच वर्षांचे 500 रुपये भरले. अर्जानंतर सात दिवसांत नोंदणी द्यायची, नाकारायची किंवा तपासणीची सूचना द्यायची, असा नियम आहे. तपासणीला घाबरू नका. बघायचं असतं ते पिण्यायोग्य पाणी, झाकलेली भांडी, उंदीर-झुरळांचा बंदोबस्त, करणाऱ्या हातांची स्वच्छता. टँकरच्या पाण्यावर दिवस काढलेल्या आपल्या गावांत पाणी कुठून येतं आणि कशात साठवता, हे विचारलं जाणं मला योग्यच वाटतं.

कागद सुधारला, पण पाकिटावर मी एक खोटं छापलं होतं, नकळत. एका मोठ्या कंपनीच्या पाकिटावरून ‘सहा महिने’ ही मुदत उतरवून घेतली होती. आमची हवा कोरडी. इथं वाळवण दोन दिवसांत कडकडीत होतं, चटणी डब्यात महिनोन्महिने टिकते. तीच चटणी आषाढात केरळात गेली तेव्हा पंधरवड्यात तिचे गोळे झाले, एका पाकिटात बुरशी दिसली. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होऊ शकतं. ते यकृताला घातक असतं आणि नुसतं भाजून पुरतं जात नाही. मी सगळ्यांचे पैसे परत केले. आता प्रत्येक घाण्यातली दोन पाकिटं दमट न्हाणीघराच्या खिडकीत ठेवून बघते आणि जी मुदत तिथं टिकते तीच छापते. दाणे निवडताना काळपट, सुरकुतलेला एकही ठेवत नाही.

पाकिटावर पदार्थाचं नाव, वजनाच्या उतरत्या क्रमानं घटक, हिरवी खूण, निव्वळ वजन, बॅच नंबर, केल्याची आणि वापरायची तारीख, किंमत, नाव-पत्ता, फोन आणि नोंदणी क्रमांक हवा. शेंगदाणा असेल तर तसं स्पष्ट लिहा. काहींना त्याची जीवघेणी ॲलर्जी असते. वजनकाटा वैधमापनचा शिक्का मारलेला हवा. वर्तमानपत्रात बांधून देणं 2018 च्या पॅकेजिंग नियमांनी बंद केलं आहे. आणि ‘मधुमेहावर गुणकारी’ असलं काही छापू नका. चुकीच्या लेबलला तीन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

फी आणि मर्यादा बदलत असतात, म्हणून अर्जाच्या दिवशी पोर्टलवर बघून घ्या, ऐकीव आकड्यावर जाऊ नका.

बायांनो, प्रमाणपत्र देवघरात असेल तर आज रात्री खाली काढा. व्यवसायाचा प्रकार, मुदतीची तारीख आणि मोबाइल नंबर, या तीन ओळी स्वतः वाचा. वाचता येत नसेल तर पोरीला वाचायला सांगा.