विम्याचे साडेसातशे रुपये : सक्ती किती आणि संरक्षण कोणाला?

मोटारसायकलचा विमा उतरविताना आपले बहुतेक व्यापारी व कारागीर बंधू एकच प्रश्न विचारतात, "किती झाले?" पावती घडी करून डिकीत ठेवली जाते आणि पोलिसांनी हात केला तरच बाहेर निघते. त्या कागदावर एक ओळ असते, "मालक-चालक वैयक्तिक अपघात". या ओळीवरून २०१८ साली देशभर कुरबूर झाली. ती कुरबूर बरोबर होती की चूक हे ठरविण्याआधी ही ओळ काय आहे ते समजून घेऊ.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १४६ सांगते की तिसऱ्या पक्षाचा विमा असल्याशिवाय वाहन रस्त्यावर आणता येणार नाही. विमा नसेल तर पहिल्या गुन्ह्याला दोन हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही. तिसरा पक्ष म्हणजे ज्याला आपल्या गाडीची धडक बसली तो. पहिला पक्ष गाडीमालक, दुसरा विमा कंपनी. म्हणजे ज्याने पैसे भरले तो स्वतःच्या पॉलिसीत तिसरा पक्ष होऊच शकत नाही. अंबाजोगाईहून परळीला जाताना तुमची मोटारसायकल घसरून तुम्हीच दगावलात, तर तिसऱ्या पक्षाच्या विम्यातून तुमच्या वारसांना एक पैसाही मिळत नाही. आपल्या लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज याच ठिकाणी आहे.

ही उणीव भरून काढण्यासाठी मालक-चालकाचा अपघात विमा सक्तीचा करण्यात आला. पूर्वी दुचाकीला पन्नास रुपयांत एक लाख आणि मोटारीला शंभर रुपयांत दोन लाख असे संरक्षण होते. मद्रास उच्च न्यायालयाने ही रक्कम अपुरी ठरविली. त्यानंतर २० सप्टेंबर २०१८ रोजी विमा नियामक प्राधिकरणाने परिपत्रक काढून ती सरसकट १५ लाख केली व वर्षाचा हप्ता ७५० रुपये ठरविला.

आता हिशेब पाहा. त्या वर्षी ७५ ते १५० सी.सी. दुचाकीचा तिसऱ्या पक्षाचा हप्ता ७२० रुपये होता. जुन्या पन्नास रुपयांसह ७७० होत असत, ते एकदम १,४७० झाले, कर वेगळा. वीस हजारांच्या जुन्या गाडीवर फिरणाऱ्या गवंड्याला किंवा शिंप्याला हे जाचक वाटले यात नवल नाही. ज्याच्याकडे दुकानाचा टेम्पो, घरची मोटार आणि मुलाची दुचाकी अशी तीन वाहने एकाच नावावर होती, त्याचा सवाल तर बिनतोड होता : माणूस एक, मग त्याच्या मृत्यूचा विमा तीनदा कशासाठी? काहींनी विचारले, आमचा अपघात विमा आधीच आहे, तो का चालत नाही?

ही ओरड वाया गेली नाही. १ जानेवारी २०१९ पासून हा विमा गाडीच्या पॉलिसीपासून सुटा केला गेला. एका माणसाला एकच पुरतो, मग वाहने कितीही असोत. मृत्यू व कायमच्या अपंगत्वासाठी किमान १५ लाखांचा चोवीस तासांचा अपघात विमा आधीपासून असेल तर नवा घेण्याची गरज नाही. तसे लिहून द्यावे लागते. दरही आता कंपनीगणिक वेगळा पडतो. तरीही एजंटाने दोन गाड्यांवर दोनदा हप्ता लावल्याची उदाहरणे आपल्याकडे दिसतात. पावती वाचा आणि कमी करायला सांगा.

विम्याबाबत धार्मिक शंका असलेले बांधव आपल्यात पुष्कळ आहेत. कायद्याने लादलेले तेवढेच घ्यायचे, स्वखुशीचे नाही, अशी त्यांची भूमिका असते. त्यांच्यासाठी एवढे नोंदवतो की तिसऱ्या पक्षाची सक्ती कायद्याच्या कलमात आहे, तर मालक-चालकाची सक्ती नियामकाच्या नियमांतून आली आहे. पुढचा निर्णय त्यांनी आपल्या विश्वासातील आलिमांना विचारून घ्यावा.

पैसे भरूनही हक्क कसा बुडतो

माझ्या मते खरी तक्रार हप्त्याची नसून अटींची असावयास हवी. हे संरक्षण गाडीला नसून नोंदणीपुस्तकातील मालकाला आहे. त्याच्याकडे त्या प्रकारच्या वाहनाचा चालू परवाना हवा. टेम्पो फर्मच्या नावावर असेल तर हा विमा लागूच होत नाही, कारण फर्मला परवाना नसतो. जुनी गाडी विकत घेतली आणि कागद पहिल्या मालकाच्याच नावावर राहिले, तर तिसऱ्या पक्षाचे संरक्षण गाडीबरोबर येते, पण मालक-चालकाचे येत नाही. खरेदीनंतर १४ दिवसांत कंपनीला कळविले पाहिजे. कारागिरांच्या बहुतेक गाड्या जुन्याच घेतलेल्या असतात, म्हणून हा मुद्दा अधोरेखित करतो.

आणि गाडी अब्बांच्या नावाची, चालविणारा मुलगा? सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये रामखिलाडी प्रकरणात सांगितले की मागून आणलेले वाहन चालविणारा मालकाच्याच जागी उभा असतो, त्याला तिसरा पक्ष म्हणता येत नाही. मयताच्या वारसांना त्या पॉलिसीतील मालकाच्या अपघात विम्याचे फक्त एक लाख मिळाले. धडक देणाऱ्या दुसऱ्या मोटारसायकलच्या मालकाला व विमा कंपनीला पक्षकार केलेच नव्हते, तिथे खरी भरपाई राहून गेली. समोरच्या वाहनाचा नंबर म्हणूनच मोलाचा आहे.

आठवडी बाजाराला माल घेऊन जाणाऱ्यांसाठी थोडे वेगळे. मालवाहू टेम्पोतून जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत माणूस यांना १९९४ च्या दुरुस्तीपासून सक्तीच्या विम्यात जागा आहे. परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या २००७ च्या निकालाप्रमाणे त्याने केबिनमध्ये बसलेले असावे. मालावर बसून जाणारा किंवा वाटेत हात दाखवून चढलेला यात येत नाही. मालाची पावती खिशात ठेवा.

दवाखान्याचे काय?

१५ लाख मृत्यूला, दोन अवयव किंवा दोन्ही डोळे गेल्यास किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास मिळतात; एक अवयव किंवा एक डोळा गेल्यास निम्मे. पाय मोडून तीन महिने दुकान बंद राहिले तर काही नाही. औषधपाण्याचा खर्च यात नाही. त्यासाठी ५ मे २०२५ रोजी केंद्राने वेगळी योजना अधिसूचित केली. मोटार अपघातातील कोणत्याही जखमीवर, चूक कोणाचीही असो, ठरविलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता व्हावेत अशी तरतूद आहे. पैसा विमा कंपन्यांच्या वर्गणीतून आणि विमा नसलेल्या वाहनांबाबत सरकारकडून येतो. अपघाताला पोलिसांचा दुजोरा लागतो, म्हणून ११२ वर फोन करणे टाळू नये.

सक्तीचा वैद्यकीय विमा थेट गाडीवरच टाकला तर काय होते, हे अमेरिकेतील मिशिगन राज्याने पाहिले आहे. १९७३ पासून तेथे प्रत्येक गाडीमालकाला जखमीच्या आजन्म, अमर्याद उपचाराचा विमा घ्यावाच लागे. हप्ते देशात सर्वांत महाग ठरले, लोक संतापले, आणि २०१९ च्या कायद्याने कमी मर्यादेचा विमा निवडण्याची मुभा दिली. पण २०२१ मध्ये शुश्रूषेचे दर कापले गेले, तेव्हा कायमचे अंथरुणाला खिळलेल्यांचे नातलग रस्त्यावर आले. हप्ता कमी झाला, पण कोणाच्या अंगावर, हा प्रश्न तेथे अजून मिटलेला नाही.

दावा करावा लागलाच तर पोलिसांची फिर्याद, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, परवाना, नोंदणीपुस्तक व वारसाचे बँक खाते एवढे लागते. पॉलिसीत वारसाचे नाव घातलेले आहे का, ते आजच बघा. कंपनीने दावा नाकारला किंवा लेखी तक्रारीला महिनाभरात उत्तर दिले नाही, तर बीड जिल्ह्यासाठी विमा लोकपाल पुणे येथे आहे. तेथे फी नाही व वकीलही लागत नाही; मात्र एक वर्षाच्या आत अर्ज गेला पाहिजे.