सत्तर खुर्च्या भरणारी माणसं

‘मला एअरलाइनमध्ये जायचंय,’ असं मुलीने म्हटलं की घरातल्यांच्या डोळ्यांपुढे दोनच चित्रं येतात: पायलट किंवा हवाई सुंदरी. पहिल्याचा खर्च ऐकून वडील गप्प होतात, दुसरं ऐकून आजी. पण नव्या विमान कंपनीला नाव, रंग, भाव आणि गिऱ्हाईक मिळवून देणारी माणसंही लागतात, हे फारसं कोणी सांगत नाही.

18 मार्च 2024 रोजी गोव्यातल्या मोपा विमानतळावरून ‘फ्लाय91’ची नियमित सेवा सुरू झाली. नावातला 91 म्हणजे भारताचा दूरध्वनी संकेतांक. फोनवर रोज दिसणारा आकडा, वेगळा पाठ करायला नको! कंपनीला मिळालेला ‘आयसी’ हा कोड मात्र पूर्वी इंडियन एअरलाइन्सचा होता. जुन्या प्रवाशाला तो ओळखीचा वाटतो, पण 1999 मध्ये अपहरण करून कंदहारला नेलेलं विमानही आयसी 814च होतं. अशी आठवण जाहिरातीत मिरवायची की तिच्याबद्दल मौन पाळायचं? ब्रँडिंगवाल्यांची झोप उडते ती अशा प्रश्नांनी. शेपटीचा रंग ठरवणं त्यामानाने सोपं.

खरी कसोटी लहान गावात. 2024 मध्येच फ्लाय91ने जळगावहून गोवा आणि हैदराबादची विमानं सुरू केली. तिथे सामना दुसऱ्या विमानाशी कमी आणि रात्रीच्या स्लीपर बसशी, रेल्वेच्या एसी डब्याशी जास्त. विमान एटीआर 72, साधारण सत्तर आसनांचं आणि पंख्याचं. पंखा दिसला की ‘जुनाट दिसतंय’ ही कुजबुज आलीच. आखूड धावपट्टीला आणि जवळच्या पल्ल्याला तेच परवडतं, इंधनही कमी लागतं, हे सराफाला, केळीच्या व्यापाऱ्याला, मुलाकडे निघालेल्या आईवडिलांना त्यांच्या भाषेत पटवावं लागतं. मुंबईच्या चकचकीत एजन्सीपेक्षा जळगावात वाढलेला मुलगा इथे सरस ठरू शकतो.

एअर डेक्कनने 2003 मध्ये हेच ओळखलं होतं. तिचे संस्थापक कॅप्टन गोपीनाथ यांनी आर. के. लक्ष्मण यांच्या ‘कॉमन मॅन’ला कंपनीचा चेहरा केलं आणि थोडी तिकिटं एक रुपयाला विकली. चर्चा मात्र देशभर झाली. पुढे ती कंपनी किंगफिशरमध्ये विलीन झाली आणि 2012 मध्ये किंगफिशरही थांबली. जेट 2019 मध्ये, गो फर्स्ट 2023 मध्ये. पालकांची धास्ती अनाठायी नाही. पण भाव कधी चढवायचा, रिकामी खुर्ची कशी विकायची, हे ज्याला कळलं त्याला हॉटेल आणि पर्यटन व्यवसायातही काम मिळतं.

वाट साधी आहे. बीएमएस किंवा बीबीए, मग मार्केटिंगमध्ये एमबीए. जाहिरात आणि संवादाची ओढ असेल तर अहमदाबादची मायका किंवा पुण्यातली सिम्बायोसिसची माध्यम संस्था. हात चित्रकलेचा असेल तर मुंबईची सर ज. जी. उपयोजित कला संस्था. ‘शंभर टक्के नोकरी’ची हमी देणाऱ्या एव्हिएशन डिप्लोम्याला पैसे भरण्याआधी मागच्या वर्षीचे विद्यार्थी कुठे लागले, त्यांची नावं मागावीत. बहुतेकदा तिथेच विषय संपतो.

आणि सुट्टीत एक काम करून पाहावं. जवळच्या विमानतळावरच्या एका मार्गाचं भाडं महिनाभर रोज वहीत टिपावं. ट्रॅव्हल एजंटाकडे बसून विमान सोडून बस कोण घेतं, का घेतं, ते विचारावं. मुलाखतीला जाताना प्रमाणपत्रांच्या फाइलसोबत ती वहीही न्यावी.