वर्षाला 1,716 रुपयांत काय पदरात पडतं?

चार घरची धुणीभांडी करणाऱ्या तीस वर्षांच्या बाईला ना पीएफ, ना ग्रॅच्युइटी. तरी वर्षाला 1,716 रुपये बाजूला काढले, तर दोन विमे आणि साठीनंतरची पेन्शन होते.

सर्वांत स्वस्त प्रधानमंत्री सुरक्षा विमा, वर्षाला 20 रुपये, वय 18 ते 70. अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर 2 लाख मिळतात. जीवन ज्योती विम्याला 436 रुपये. मृत्यूचं कारण कुठलंही असो, 2 लाख. पण शिरकाव पन्नाशीपर्यंतच, आणि पहिले 30 दिवस फक्त अपघाती मृत्यू धरतात. डिसेंबर ते फेब्रुवारीत घेतला, तर मेअखेरपर्यंतचे 228 रुपयेच लागतात.

उरले 1,260 रुपये. श्रमयोगी मानधन योजनेत तिसाव्या वर्षी महिना 105 रुपये भरायचे, तेवढेच सरकार घालतं, आणि साठीनंतर महिना 3,000 मिळतात. अट अशी की उत्पन्न 15,000च्या आत हवं आणि वय 40च्या पुढे नको. एवढ्याच पेन्शनला अटल योजनेत महिना 347 पडतात. मात्र नवरा-बायको दोघांच्या मागे वारसाला 5 लाख 10 हजार मिळतात, मानधनमध्ये मुलांना काही नाही. हातावर पोट असेल तर मी मानधनच सुचवीन. तीस वर्षांनी 3,000ला काय येईल, हा प्रश्न दोन्हीकडे आहेच.

खरी मेख पुढे आहे. दोन्ही विम्यांचे हप्ते मेअखेरीस खात्यातून आपोआप कापले जातात. पगार रोख घेणाऱ्यांचं खातं नेमकं तेव्हा रिकामं असतं: गावची भाडी, वह्या-पुस्तकं. पैसे नसले की विमा बंद. म्हणून 20 मेच्या आत खात्यात 500 रुपये टाका, जूनमध्ये पासबुक भरून घ्या आणि 20 व 436च्या नोंदी डोळ्यांनी बघा. दोन बँकांतून हप्ता गेला तरी दावा एकच मिळतो. वारसाचं नाव लिहिलंय, हे त्या वारसालाही सांगून ठेवा.

ई-श्रम कार्ड फुकट आहे. त्याचे कुणी पैसे मागितले तर उठून या. पण ती नुसती नोंदणी आहे, पेन्शन नव्हे.

आणि मालकिणींनो, दिवाळीला साडी खुशाल द्या, पण मे महिन्यात बाईच्या खात्यात 456 रुपये टाकायला विसरू नका.