कळफलक बिघडला की हिशेब बिघडतो

व्यापारी बंधूंनो, गजाचे माप चोख असून भागत नाही, बिलावरचा आकडाही चोख हवा. आमच्या कापडाच्या पेढीवरचा संगणक उबुंटू या लिनक्स प्रणालीवर चालतो. प्रणाली फुकट मिळते, कामही बरे देते. पण एके दिवशी 115 मीटरच्या बिलात 1155 मीटर छापले गेले. गिऱ्हाईक जुने, भला माणूस. त्यानेच चूक दाखविली. आम्ही शरमिंदा झालो. दोष यूएसबी कळफलकाचा होता. असा प्रसंग आला तर क्रमाने तपास करावा.

1) प्रथम तो कळफलक दुसऱ्या संगणकाला लावावा. तेथेही तोच अंक दोनदा उमटला तर कळ झिजली, असे समजावे. आमचे तसेच निघाले. 5 ची कळ गेली होती. नवा कळफलक येईपर्यंत सेटिंग्जमधील अॅक्सेसिबिलिटी विभागात ‘बाउन्स कीज’ चालू करावे. म्हणजे झटपट दुसऱ्यांदा उमटलेले अक्षर संगणक सोडून देतो. हा तात्पुरता इलाज आहे.

2) दुसऱ्या संगणकावर कळफलक ठीक चालला तर आपल्या संगणकाची जागा बदलून पाहावी. मध्ये हब असेल तर तो काढून वायर सरळ मागच्या बाजूला लावावी. टर्मिनलवर कर्नलची नोंद पाहावी. कळफलक वारंवार ‘डिस्कनेक्ट’ झाल्याचे दिसले तर बहुधा वायर किंवा खाच सैल आहे.

3) थोडा वेळ हात थांबला आणि पुढचे पहिले अक्षर गळाले, तर वीज-बचतीवर संशय घ्यावा. लिनक्स साधारणपणे कळफलकाला आपणहून झोपवीत नाही. वीज वाचविणारा वेगळा प्रोग्राम टाकला असेल तर तो झोपवितो. त्या उपकरणाच्या ‘पॉवर’ फोल्डरमधील ‘कंट्रोल’ फाइलीत ‘ऑटो’ऐवजी ‘ऑन’ करावे. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की हा बदल पुसला जातो, म्हणून त्या प्रोग्राममध्येच कळफलक वगळून ठेवावा.

4) ‘@’ दाबल्यावर अवतरणचिन्ह उमटले तर बिघाड काहीच नाही. अमेरिकनऐवजी ब्रिटिश रचना निवडली गेली आहे. सेटिंग्जमध्ये ‘इंग्लिश, यूएस’ करावे.

5) कळ बराच वेळ दाबून धरल्याशिवाय अक्षर उमटत नसेल तर ‘स्लो कीज’ चालू झाले असेल. ते बंद करावे.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही. घाईने प्रणाली पुसून नवी टाकू नये. कळ झिजली असेल तर नव्या प्रणालीवरही 5 दोनदाच उमटेल, आणि जपून न ठेवलेला हिशेब मात्र हातचा जाईल. बिल छापण्यापूर्वी आकडा एकदा डोळ्यांखालून घालावा. कळफलक थोड्या पैशात नवा मिळतो, गेलेला विश्वास मिळत नाही.